काळ्यापांढऱ्या फिल्ममधून रंग काढणारा स्मिथ

हल्ली शंभर वर्षांपूर्वीच्या शहरांचे ‘रंगीत’ व्हिडिओ सारखे फॉरवर्ड होत असतात. त्यातले बहुतेक एआयने रंगवलेले, म्हणजे कोट तपकिरी होता की निळा हे कॉम्प्युटरने अंदाजाने ठरवलेलं. पण त्याच काळात खरे रंग पकडणारा एक माणूस होता, आणि तेही ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर! जॉर्ज अल्बर्ट स्मिथ, इंग्लंडमधल्या ब्रायटनचा.

हा गडी आधी स्टेजवर संमोहनाचे खेळ करायचा. डग्लस ब्लॅकबर्न या जोडीदाराबरोबर मनातलं ओळखून दाखवायचा, आणि लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या, अतींद्रिय शक्तींचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतली शिकलेली मंडळीही त्याला भुलली. पुढे ब्लॅकबर्नने छापून सांगितलं की सगळा खुणांचा खेळ होता. स्मिथने ते नाकारलं, पण टेलिपथीचे कोर्स विकत घेणाऱ्यांनी हा किस्सा वाचावाच. 1897 मध्ये तो सिनेमाकडे वळला, 1900 च्या एका छोट्या फिल्ममध्ये भिंगातून दिसणारा डोळा पडदाभर दाखवला, वगैरे. ते असो, मला वेड आहे ते त्याच्या किनेमाकलरचं, म्हणजे रंगीत सिनेमाच्या त्याच्या पद्धतीचं.

त्याच्या आधी एडवर्ड टर्नरने लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांवर काम केलं होतं, पण पडद्यावर तीन चित्रं एकमेकांवर नीट बसेनात. टर्नर 1903 मध्ये वारला, सिनेमाच्या धंद्यातल्या चार्ल्स अर्बनने काम स्मिथकडे दिलं आणि स्मिथने सरळ एक रंग उडवला. कॅमेऱ्यापुढे फिरती चकती, तिच्यात एक लाल आणि एक हिरवा फिल्टर, सेकंदाला 32 फ्रेम, एक लालमधून, पुढची हिरव्यातून. साध्या फिल्मला लाल दिसतच नसे म्हणून ती आधी खास रंगद्रव्यात बुडवायची. लाल साडी लालवाल्या फ्रेममध्ये उजळ येते, हिरव्या फ्रेममध्ये काळपट, म्हणजे रंगाची माहिती दोन करड्या छटांच्या फरकात साठते. प्रोजेक्टरवरही तशीच चकती. फ्रेम इतक्या भराभर बदलतात की डोळा आणि मेंदू दोन्ही रंग मिसळून टाकतात, लाल अधिक हिरवा म्हणजे पिवळा, प्रमाण बदललं की केशरी, आणि चेहऱ्याचा रंगही बरा जमतो.

गोची अशी की दोन फ्रेममध्ये 1/32 सेकंदाचं अंतर. सेकंदाला 1.6 मीटर चालणारा माणूस तेवढ्यात 5 सेंटिमीटर सरकतो, 16 मीटर वेगाने धावणारा घोडा अर्धा मीटर! मग कडेला लाल-हिरव्या झालरी दिसतात. संथ मिरवणुका म्हणूनच सोयीच्या, आणि 1911 च्या दिल्ली दरबाराचं अर्बनच्या लोकांनी केलेलं किनेमाकलर चित्रण 1912 मध्ये लंडनमध्ये तुफान चाललं.

मग विल्यम फ्रीझ-ग्रीन या प्रतिस्पर्धी संशोधकाच्या बाजूने किनेमाकलरच्या पेटंटवर दावा लागला. लाल आणि हिरवा कितीही मिसळा, शुद्ध निळा येत नाही, आणि पेटंटमध्ये दावा तर नैसर्गिक रंगांचा. स्मिथ आधी जिंकला, पण 1914 मध्ये अपिलात हरला आणि पेटंट गेलं.