आरसी ट्रकची उडी आणि शॉकमधील तेलाचा आकडा : पार्श्वभूमी

मुंबईत आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारे छोटे ट्रक उडवणाऱ्यांमध्ये उडीनंतर गाडी का आपटते याची चर्चा निघाली, की ती स्प्रिंगपासून सुरू होते आणि शॉकमधील (धक्का शोषणाऱ्या नळीतील) तेलाच्या घट्टपणाच्या आकड्यापाशी येऊन अडते.

एका जपानी कंपनीने १९७९ मध्ये आणलेल्या ‘सँड स्कॉर्चर’ला तेलाचे शॉक होते, तर १९८४ च्या ‘आरसी१०’ या अमेरिकी बगीमुळे तेलाचे शॉक आणि चारही चाकांचे स्वतंत्र सस्पेन्शन शर्यतीत रुळले. १९८७ चा ‘क्लॉड बस्टर’ हा ट्रक दांडगा खरा, पण त्याचे दोन्ही ॲक्सल (डावे-उजवे चाक जोडणारे दांडे) अखंड होते आणि सफाईने उतरणे त्याच्या स्वभावात नव्हते. उडीची हौस खऱ्या अर्थाने फोफावली ती ब्रशलेस मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी आवाक्यात आल्यावर. २००८ मध्ये ‘स्लॅश’ हा ट्रक आला, तेव्हापासून तयार गाडी खोक्यातून काढून थेट उडवणारे वाढले आणि शॉक उघडून पाहण्याची सवय मागे पडली.

वादाचे मूळ मोजमापात आहे. अमेरिकी उत्पादक तेलाला ‘वेट’चा आकडा देतात, ज्याला सर्वमान्य प्रमाण नाही. एकाच्या तक्त्यात ३० वेट म्हणजे ३५० सेंटिस्टोक (तेलाचा घट्टपणा मोजण्याचे एकक; आकडा मोठा तितके तेल घट्ट), तर दुसऱ्याच्या तक्त्यात ३३८. हा फरक किरकोळ म्हणता येईल; खरा घोटाळा होतो तो शून्याचा. पहिल्या तक्त्यानुसार ४० वेट म्हणजे ५०० सेंटिस्टोक, ३५ म्हणजे ४२५. त्यामुळे ‘चाळीस’ सांगितले म्हणून ४०० लिहिलेली बाटली आणणारा प्रत्यक्षात ३५ हूनही पातळ तेल भरतो आणि उतरताना गाडीचे पोट जमिनीला घासते. बाटलीवर सेंटिस्टोकच छापावेत, हा आग्रह योग्य आहे. वेटला चिकटून राहण्यामागे सवयीखेरीज कारण दिसत नाही.

अर्थात तेल एकटे काही ठरवत नाही. एक मीटरवरून पडणारी गाडी सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने जमिनीवर येते आणि तेवढ्या वेगात शॉकमधील पिस्टनची भोके लहान असतील तर तेल वेळेत पलीकडे जात नाही. शॉक क्षणभर कडक होतो, ज्याला इथली मंडळी ‘पॅक होणे’ म्हणतात. मोठ्या उडीला हा गुण उपयोगी पडतो, खडबडीत मातीवर मात्र तोच चाके उसळवतो. मागच्या शॉकची परतण्याची गती जास्त असेल, तर रॅम्प सोडताना शेपूट वर फेकले जाते आणि नाक खाली जाते. हवेत थ्रॉटल दिल्यास नाक उचलते, पण मुळातली चूक त्याने फक्त झाकली जाते.

परदेशी सेटअप जसाच्या तसा उतरवण्याची अडचण मुंबईत वेगळी आहे. सेंटिस्टोकचा आकडा साधारणपणे २५ अंश सेल्सिअसचा असतो आणि मेच्या दुपारी मैदानावरचा शॉक त्याहून बराच तापतो. सिलिकॉन तेल खनिज तेलापेक्षा कमी पातळ होते, तरी होतेच. म्हणून उन्हाळ्यात एक पायरी घट्ट तेल भरण्याची रीत इथे पडली आहे. स्प्रिंगवरची रिंग फिरवून तीच कसर भरून काढण्याचा प्रयत्नही चालतो, पण रिंगने गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा नव्हे.