दिवस मिळवू नका, वेग मिळवा

ऑक्टोबरची गोडी छाटणी आली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत टोळ्यांचा हिशेब तोंडीच चालतो. एक टोळी बाग १२ दिवसांत छाटते, दुसरी तीच बाग १५ दिवसांत. दोन्ही एकदम लावल्या तर किती दिवस? नाशिकच्या अभ्यासिकांत तलाठी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं हेच गणित ‘काळ, काम, वेग’ या नावाने सोडवत असतात.

घाईत हात जातो सरासरीकडे: साडेतेरा. पर्यायांत तो आकडा बहुधा असतोही. पण पहिली टोळी एकटीच १२ दिवसांत उरकत असेल, तर मदतीला माणसं आल्यावर दिवस वाढतील कसे? दिवसांची बेरीज निरर्थक आहे. बेरीज होते ती एका दिवसात छाटून झालेल्या ओळींची.

म्हणून आधी ओळी ठरवा. १२ आणि १५ चा लसावि ६०, तेव्हा बागेत ६० ओळी धरा. पहिलीच्या रोज ५, दुसरीच्या ४, मिळून ९. साठ भागिले नऊ, म्हणजे ६ पूर्णांक २/३ दिवस. ओळी १२० धरल्या तर वेग १० आणि ८ होतील, उत्तर तेच येईल. कामाचा आकार आपल्या मर्जीचा असतो. लसावि घ्यायचा तो फक्त अपूर्णांक टाळायला. पडताळाही सोपा आहे: दोघांचं उत्तर लहान संख्येच्या निम्म्यापेक्षा जास्त आणि मोठीच्या निम्म्यापेक्षा कमी येतं. इथे ६ ते साडेसातच्या मध्ये. एवढ्यावरच कधीकधी तीन पर्याय बाद होतात.

खरी कसोटी शब्दांची. ‘३ दिवसांनी दुसरी टोळी निघून गेली’ असं असेल, तर २७ ओळी झाल्या, ३३ उरल्या. पहिलीला त्यासाठी ६.६ दिवस, एकूण ९.६. ‘काम संपण्याच्या ३ दिवस आधी गेली’ असं असेल, तर शेवटून मोजा: अखेरच्या ३ दिवसांत पहिलीने एकटीने १५ ओळी केल्या, उरलेल्या ४५ दोघींनी ५ दिवसांत; एकूण ८. दोन शब्द बदलले आणि उत्तर दीड दिवसाहून जास्त सरकलं. शिवाय ‘उरलेलं काम’ विचारलंय की ‘एकूण काम’, हेही अधोरेखित करावं.

टक्केवारीतही तीच गल्लत होते. १५ दिवस लागणाऱ्यापेक्षा २५ टक्के जास्त कार्यक्षम असलेल्याला ११.२५ दिवस लागत नाहीत. वेग ४ चा ५ होतो, त्यामुळे काळ ५ चा ४, म्हणजे १२ दिवस.

टाकीच्या गणितात गळती म्हणजे उणे वेग. दोन नळ ६ आणि ८ तासांत टाकी भरतात, गळती १२ तासांत रिकामी करते. २४ भाग धरा: ४ अधिक ३ वजा २, म्हणजे ५. उत्तर ४.८ तास. ते ४ तास ८ मिनिटं नव्हे, ४ तास ४८ मिनिटं. हा प्रकार जुनाच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) चार झरे एक टाकं अनुक्रमे एक, अर्ध्या, तृतीयांश आणि षष्ठांश दिवसात भरतात. वेग १, २, ३, ६; बेरीज १२. सगळे सोडले की टाकं दिवसाच्या बाराव्या भागात, म्हणजे दोन तासांत भरतं.

यामागे एक गृहीत आहे: कोणी कोणाच्या आड येत नाही. प्रत्यक्ष बागेत एकाच ओळीत फार माणसं घुसली की कात्र्या थबकतात आणि वेग नुसते मिळवून चालत नाही. परीक्षेत मात्र तो विचार करायचा नाही.

सगळ्यात फसवं गणित एकाआड एक दिवसाचं: एक दिवस एक टोळी, दुसऱ्या दिवशी दुसरी. दोन दिवसांत ९ ओळी, म्हणून १३ पूर्णांक १/३ असं लिहिलं की चुकलं. १२ दिवसांत ५४ ओळी झाल्या, उरल्या ६. पहिल्या टोळीने सुरुवात केली असेल तर तेराव्या दिवशी तिच्या ५, शेवटची एक दुसरीची, तिला पाव दिवस: सव्वातेरा. सुरुवात दुसरीने केली असेल तर तेराव्या दिवशी ४, मग उरलेल्या २ साठी पहिलीला २/५ दिवस: १३ पूर्णांक २/५.