‘ओरिजिनल कलर’ म्हणजे नेमका कुठला? गाडीच्या रंगजुळणीची पार्श्वभूमी

डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात सर्वांत जास्त भांडणे ज्या शब्दावरून होतात तो शब्द म्हणजे ‘ओरिजिनल कलर’. गाडी टाकणारा, रंग मारणारा आणि जुनी गाडी विकत घेणारा हे तिघेही तो वापरतात आणि तिघांच्या मनात वेगवेगळी गोष्ट असते.

पेंटरच्या लेखी ओरिजिनल म्हणजे कोडप्रमाणे. बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा दरवाज्याच्या खांबावर रंगाचा कोड असतो. तो दुकानात सांगितला की मिक्सिंग मशीनवर ठरलेल्या वजनाने रंग तयार होतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र ओरिजिनल म्हणजे कारखान्यात चढलेला थर, पुन्हा स्प्रे गन न लागलेला. तो थराची जाडी मोजणारा मीटर लावून तपासतात. साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) दिसले तर ठीक, आकडा त्याच्या दुपटीवर गेला की दुसरा हात लागला असे धरतात, आणि खाली लांबी (खड्डा भरायची पुट्टी) भरलेली असेल तर तो कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे कोडप्रमाणे अगदी तंतोतंत रंगवलेला दरवाजाही या बाजारात ‘ओरिजिनल’ नसतोच. तिसरा अर्थ गाडीमालकाचा: शेजारच्या पॅनलसारखा. ते पॅनल सात-आठ वर्षे उन्हात उभे राहिलेले असते, त्यामुळे कोड बरोबर असूनही नवा दरवाजा वेगळा दिसतो. पेंटरची लायकी ठरते ती या तिसऱ्या अर्थावर, आणि कोडमध्ये तर त्याचा मागमूसही नसतो.

फार मागे जायचे तर प्रश्नच नव्हता. १९१४ ते १९२५ या काळात फोर्डची मॉडेल टी काळ्याच रंगात निघत होती. १९२०च्या दशकात ड्युको हे नायट्रोसेल्युलोज लॅकर आले, रंग वाळायला लागणारे दिवस तासांवर आले आणि रंगीत मोटारी सर्रास निघू लागल्या. ते नाव आपल्याकडे असे रुजले की लाकडी कपाटाला गनने रंग मारणाराही ‘ड्युको करतो’ म्हणतो.

पद्मिनी आणि अँबॅसडरच्या जमान्यात रंग साधे, म्हणजे सॉलिड होते. पेंटर डब्यात काळ्याचे चार थेंब टाकी, पत्र्याच्या तुकड्यावर मारून वाळू देई आणि मग ठरवी, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतो. त्या एनसी (म्हणजे नायट्रोसेल्युलोज) रंगाचा एक मोठा फायदा होता. खालचा थरही एनसीचाच असला तर थिनरने तो थोडा विरघळे आणि नव्याची कड जुन्यात मुरून जाई. वर पाणीपेपरने घासणे आणि रबिंग, म्हणजे पॉलिश. जुने पेंटर त्या दिवसांची आठवण काढतात ती उगीच नाही.

घडी विस्कटली ती मेटॅलिकने. आपल्याकडे नव्वदच्या दशकापासून खाली रंगाचा बेस कोट आणि वर पारदर्शक क्लिअर कोट ही पद्धत पसरत गेली. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि ते कसे बसले यावर रंगाची छटा ठरते. गन ओली चालली तर रंग गडद, कोरडी चालली तर फिकट, डबा तोच. समोरून जुळलेला फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) बाजूने पाहिला की काळपट दिसतो, त्याला पेंटर ‘फ्लॉप’ म्हणतात. त्यात बॉडीच्या रंगाचे बंपर आले. कारखान्यात पत्र्याची बॉडी साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजली जाते. प्लास्टिकला ते सोसत नाही, म्हणून बंपर वेगळ्या रंगाने, वेगळ्या ठिकाणी, कमी तापमानाला रंगवतात. शोरूममधून आणलेल्या कोऱ्या गाडीतही बंपर आणि फेंडरमध्ये किंचित फरक दिसतो तो त्यामुळे. गॅरेजच्या रंगाच्या बूथमध्ये तर ६० अंशांच्या आसपासच थांबावे लागते, कारण वायरिंग, सीट, टायर सगळे गाडीतच असते.

यावर उपाय म्हणजे ब्लेंडिंग. दरवाजा रंगवताना बेस कोट शेजारच्या फेंडरवर विरळ करत न्यायचा आणि क्लिअर पूर्ण फेंडरवर मारायचा. डोळ्याला जोड सापडत नाही. पण फेंडरला तर धक्का लागलेला नसतो! विम्यासाठी नुकसान तपासणारा सर्वेअर सहसा नुकसान झालेल्या पॅनलचाच रंग धरतो, आणि वाद इथे पेटतो. विमा कंपनीचे म्हणणे, न मोडलेल्या भागाचे पैसे का द्यायचे? पेंटरचे म्हणणे, मग मेटॅलिक जुळवून दाखवा. नियमाच्या भाषेत पहिल्याची बाजू भक्कम असेल, पण गाडी उन्हात उभी केली की दुसऱ्याचेच खरे दिसते. शिवाय साध्या पॉलिसीत रंगाच्या सामानावर ५० टक्के घसारा कापतात. बिल एकत्रित असेल तर एकूण रकमेच्या २५ टक्के सामान धरतात; म्हणजे ८,००० रुपयांच्या बिलात २,००० सामानाचे आणि १,००० मालकाच्या खिशातून. ब्लेंडिंगचा खर्च नाकारला गेला की तोही त्याच्याच डोक्यावर, किंवा पेंटर तो गिळतो आणि कुठेतरी क्लिअरचा एक हात कमी मारतो.

आता पॅनलला टेकवून छटा वाचणारी यंत्रे आली आहेत. एकाच कोडच्या जवळच्या चार छटांपैकी कुठली लागू पडेल हे ती सांगतात, तरी कार्डावर मारून बाहेर उजेडात नेऊन बघणे सुटलेले नाही. ट्यूबखाली जुळलेला रंग उन्हात फसतो. मोत्यासारख्या पांढऱ्यात तीन थर असतात आणि मधल्या थराचा एक हात जास्त झाला तरी छटा पिवळट होते. मॅट रंगाला तर रबिंगही चालत नाही. ओरखडा घासून काढायला गेले की तेवढाच भाग चकाकतो आणि अख्खे पॅनल पुन्हा रंगवावे लागते.