उदास आणि निराश, एकाच पोत्यात भरू नका

भाचीच्या वहीत परवा एक उत्तर पाहिलं. निसर्गकवितेत हिरवा रंग आला की आशा अन् काळा आला की निराशा, क्लासवाल्या सरांनी म्हणे अशी चावीच देऊन टाकलीय. कविता बालकवींची, औदुंबर. मी म्हटलं बाई, मिरगात काळं आभाळ आलं की आपल्या गावात कोणी निराश होते काय? तर म्हणे, "मिरगात नाही, पण कापूस फुटल्यावर आलं तं होतेच ना मामा." बरोबर आहे पोरीचं. म्हणजे रंगाची चावी कुठल्याच कुलपाला लागत नाही.

खरा घोळ वेगळाच आहे, उदास अन् निराश हे दोन शब्द आपण एकच समजून वापरतो. शब्द फोडून पाहा. निराश म्हणजे आशा होती, ती गेली. उदास अन् उदासीन एकाच मुळाचे, उदासीन म्हणजे उद् अधिक आसीन, बाजूला जाऊन बसलेला. त्याचं काही बुडालेलं असंलच असं नाही, तो फक्त जरा दूर बसलाय.

आता संत्र्याची बाग घ्या. वरूड-मोर्शीकडं मृग बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात पाणी मुद्दाम तोडतात, बाग ताणावर सोडतात. पानं मलूल होतात, वळतात, काही गळतात, अन् पुण्याहून आलेला पाहुणा म्हणतो अरेरे गेली बाग! पण काडी नखानं जरा खरवडली की आत हिरवी निघते, पाऊस पडला की त्याच काडीवर नवती, म्हणजे कोवळी पालवी, अन् फूल. ही बाग उदास. याच्या उलट, मुळं सडलेलं झाड कधीकधी मरायच्या आधी असं लगडून बहरते की रस्त्यावरून जाणारा फोटो काढते, मालक मात्र त्याच्याकडं पाहून गप्प होतो. ही निराशा, अन् ती फुलाखाली झाकलेली. कवितेतही असंच नखानं खरवडून पाहावं लागते, लांबून फसायला होते.

तर औदुंबर. आठच ओळी. हिरवाळी, निळासावळा झरा, चार घरांचं गाव, शेतमळे, मग पांढरी पायवाट, ती जाते काळ्या डोहाकडे, अन् शेवटी पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर. हिरव्यापासून काळ्यापर्यंत प्रवास झाला म्हणून लोक झटकन निराशा लिहितात, त्यात कवी १९१८ साली ऐन तरुणपणी रेल्वेखाली गेला हे माहीत असते, मग तर विचारूच नका. मला हे पटत नाही, मरण पुढं आलं म्हणून आधीची प्रत्येक ओळ काळी करायची काय? आनंदी आनंद गडे पण त्याच माणसानं लिहिलंय.

माझ्या मते सगळा खेळ कवितेतल्या दोन शब्दांत आहे, पाण्यावर पसरलेला 'गोड काळिमा'. हा गोड ज्याला मे महिन्यातला विदर्भ माहीत आहे त्याला समजवावा लागत नाही. पारा पंचेचाळीसच्या वर, वावरात उभं राहवत नाही, अन् नाल्याच्या काठी उंबर, त्याच्या सावलीनं पाणी पार काळं दिसते. ढोरं तिथंच येऊन उभी राहतात. पाय टाकला की गार. तिथं तो काळा रंग म्हणजे जीवात जीव. अन् झाड काय करते? बसते. बाजूला बसलेला, उद् अधिक आसीन, शब्दशः. म्हणून मी उदास म्हणीन, निराश नाही.

अर्थात दुसरी बाजू कच्ची नाही, या आठ ओळींवर समीक्षक वर्षानुवर्षं भांडत आलेत. भाचीनंही धरलंच, "पण मामा, वाट तं डोहाकडं गेली, वापस कुठं आली?"

मी जरा थांबलो. मग तिला आपल्या धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची वाट दाखवली. गवतातून पायवाट पांढरी पडते ती रोजच्या येण्याजाण्यानं. एकदाच गेलेल्या पायानं तर गवत नुसतं लवते, दोन दिवसांत परत उभं राहते.

हे मात्र तिनं वहीत लिहून घेतलं.