शस्त्रक्रियेनंतरचे वेदनाशमन आणि अफूजन्य औषधे (बेळगाव सीमाभाग)

भूल उतरू लागली की टाक्यांचे दुखणे सुरू होते. ते आटोक्यात ठेवण्यासाठी इतर औषधांबरोबर अफूपासून मिळणारी (मॉर्फिन, कोडीन) किंवा तशीच क्रिया करणारी कृत्रिम औषधे (फेंटानिल, ट्रॅमाडॉल) वापरतात. या सगळ्यांना ओपिऑइड म्हणतात. मेंदू व मज्जारज्जूतील ठरावीक ग्राहींना (पेशींवरच्या, औषध जोडले जाते त्या जागांना) चिकटून ती दुखण्याचा निरोप अडवतात. जखम असते तशीच राहते, कळ तेवढी बोथट होते.

बेळगाव-खानापूरकडचा मराठी रुग्ण बहुधा बेळगावात ऑपरेशन करून घेतो. निपाणी, चिकोडी, अथणीकडचे बरेच जण मिरज, सांगली किंवा कोल्हापूर गाठतात. बेळगावातल्या वॉर्डात पहिली अडचण भाषेची. दुखणे शून्य ते दहा आकड्यांत मोजायची पद्धत आहे. कानडी परिचारिका ‘नोवु’ (दुखणे) किती ते विचारते आणि म्हातारी सांगते, ‘कालच्यापेक्षा चार आणे कमी हाय.’ खरे तर हे उत्तर आकड्याइतकेच नेमके आहे. सोळा आण्यांचे माप डोक्यात असलेला माणूस हवा, एवढेच. शब्दही जपून ऐकावे लागतात. ठणका सहसा जखमेचा किंवा सुजेचा असतो. आग होणे, चमक मारणे यामागे नस दुखावलेली असू शकते, आणि नसेच्या दुखण्यावर अफूजन्य औषधांचा गुण कमीच येतो.

दुसरी अडचण भीतीची. अफू म्हटले की घरच्यांना व्यसन आठवते, आणि ‘थोडं सोसावं माणसानं’ हा सल्ला खाटेपाशी हमखास मिळतो. पोटाच्या ऑपरेशननंतर हे सोसणे महागात पडते. दुखते म्हणून रुग्ण खोकत नाही, पुरता श्वास घेत नाही. कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो. चालणे टाळले की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन-चार दिवस दिलेल्या औषधाने व्यसन लागण्याची शक्यता थोडी असते. ती वाढते गोळ्या आठवडेच्या आठवडे चालू राहिल्या की.

म्हणून एकाच औषधावर भिस्त ठेवत नाहीत. पॅरासिटामॉल ठरल्या वेळी, मूत्रपिंड व जठर ठीक असेल तर डायक्लोफेनॅकसारखे सूज उतरवणारे औषध, शक्य तिथे पाठीतून किंवा नसेजवळ बधिरतेचे इंजेक्शन, आणि उरलेल्या कळेपुरते ओपिऑइड असा क्रम असतो. त्यामुळे ओपिऑइडची मात्रा कमी लागते. मळमळ, खाज, लघवी तुंबणे हे त्याचे त्रास. बद्धकोष्ठ तर इतके नेहमीचे की रेचक सोबतच लिहून देतात. खरा धोका श्वास मंदावण्याचा. रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नसेल तर ‘झोप लागली, बरं झालं’ म्हणून सोडू नये. नॅलोक्झोन हा त्यावरचा उतारा. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असल्या तर हा धोका बराच वाढतो.

वर सांगितलेली ओपिऑइड औषधे 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येतात. पूर्वी मॉर्फिनचे परवाने ज्या त्या राज्याच्या नियमांनी मिळत, म्हणजे सीमेच्या दोन बाजूंना कागद निराळे. 2014 च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन आदी अत्यावश्यक औषधांसाठी देशभर एकसारख्या नियमांची वाट मोकळी झाली. ट्रॅमाडॉल 2018 मध्ये या कायद्याखाली आले. ते एच-1 अनुसूचीतही (चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या यादीतही) आहे: दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वहीत लिहून ती नोंद तीन वर्षे ठेवायची असते. चिठ्ठी मिरजेची आणि दुकान निपाणीचे असले तरी नियम तोच.

वहीच्या पलीकडे मात्र नोंद नाही. टाके काढल्यावर उरलेली पाकिटातली अर्धी पट्टी फडताळात जाते, आणि पुढे शेजारच्या काकांची कंबर धरली की तीच बाहेर येते.