राखीव क्वार्टरबॅक आणि विजेतेपद : सत्तर वर्षांची पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलमध्ये मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी झाला की त्या शहरात हंगाम संपल्यासारखंच वातावरण होतं. ही भीती खोटी नसते. आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू येऊन सुरू होते. समोरची बचाव फळी कशी उभी आहे हे पाहून ऐनवेळी चाल बदलायची की नाही, हेही बहुतेकदा तोच ठरवतो. त्याच्या जागी येणाऱ्या राखीव खेळाडूला मात्र सरावच पुरेसा मिळालेला नसतो. आठवड्याच्या सरावातल्या बहुतेक चाली मुख्य क्वार्टरबॅक खेळतो. राखीव गड्याच्या वाट्याला पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकची नक्कल करून आपल्याच बचाव फळीला सराव देण्याचं काम येतं. रविवारी अचानक हाक आली, की ज्यांच्याबरोबर तो फारसा खेळलेलाच नाही अशा सहकाऱ्यांना घेऊन त्याला मैदानात उतरावं लागतं.

तरीही अशा खेळाडूंनी विजेतेपदं जिंकली आहेत, एकदा नव्हे, अनेकदा. त्याला नशीब म्हणून सोडून देणं मला पटत नाही. नीट पाहिलं तर बहुतेक ठिकाणी एक प्रशिक्षक दिसतो, ज्याने गेलेल्या माणसाचा खेळ नव्या माणसावर लादला नाही, त्याला जे जमतं त्यावर डाव उभा केला.

सुपर बोल, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचा आताचा अंतिम सामना, सुरू होण्याआधीचं एक उदाहरण डेट्रॉइटचं. १९५७ च्या डिसेंबरमध्ये डेट्रॉइट लायन्सचा लाडका क्वार्टरबॅक बॉबी लेन पाय मोडून बाहेर गेला. त्याच वर्षी ग्रीन बेकडून आणलेल्या टोबिन रोटकडे सूत्रं आली. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेरीत) लायन्स ७-२७ असे मागे होते, तिथून त्यांनी ३१-२७ असा सामना काढला. अंतिम सामन्यात तर क्लीव्हलँड ब्राउन्सचा ५९-१४ असा धुव्वा उडवला. रोटने त्यात चार टचडाऊन पास (गोलरेषेपलीकडे गुण मिळवून देणारे पास) टाकले. पुढच्याच वर्षी लेनला पिट्सबर्गला पाठवून दिलं गेलं. डेट्रॉइटला त्यानंतर लीगचं विजेतेपद मिळालेलं नाही.

या विषयाचा खरा धागा मात्र एका प्रशिक्षकापाशी सापडतो. १९६५ मध्ये डॉन शूला बाल्टिमोर कोल्ट्सचे प्रशिक्षक होते. हंगामाच्या शेवटी आधी जॉनी युनायटस जायबंदी झाला, मग त्याचा राखीव गॅरी क्युओझो. शूलांनी टॉम मॅट या हाफबॅकला, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला, क्वार्टरबॅकच्या जागी उभं केलं. कॉलेजात तो ही जागा खेळला होता, एवढाच आधार. चाली लिहिलेली पट्टी त्याने मनगटावर बांधली होती, ती पुढे कँटनच्या हॉल ऑफ फेम या फुटबॉलच्या संग्रहालयात गेली. ग्रीन बेविरुद्धचा प्लेऑफ सामना कोल्ट्स जादा वेळेत १३-१० असा हरले. त्याच सामन्यात ग्रीन बेचा बार्ट स्टार पहिल्याच चालीत जखमी झाला होता आणि उरलेला सगळा सामना झीक ब्रॅटकोव्स्की या राखीव क्वार्टरबॅकने खेळून काढला. एका बाजूला तयार राखीव होता, दुसऱ्या बाजूला नव्हता. शूलांच्या मनावर याचा ठसा उमटला असणार असं मला वाटतं, कारण पुढच्या सात वर्षांत त्यांनी एकाच माणसाला दोनदा, दोन वेगळ्या संघांत, याच कामासाठी आणलं.

त्याचं नाव अर्ल मॉरल. १९५६ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला हा खेळाडू सॅन फ्रान्सिस्को, पिट्सबर्ग, डेट्रॉइट आणि न्यूयॉर्क असा फिरून १९६८ मध्ये बाल्टिमोरला आला. हंगामाच्या तोंडावर युनायटसचा उजवा हात दुखावला आणि मॉरलने कोल्ट्सना १३ विजय, १ पराभव अशा थाटात पुढे नेलं. तो वर्षातला सर्वोत्तम खेळाडूही ठरला. जानेवारी १९६९ च्या सुपर बोलमध्ये मात्र न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध पहिल्याच अर्ध्या डावात त्याचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हातात पडले. त्यातला मध्यंतराआधीचा शेवटचा लोक अजून विसरलेले नाहीत : सहकारी जिमी ऑर गोलरेषेपाशी एकटा उभा होता आणि मॉरलला तो दिसलाच नाही. कोल्ट्स १६-७ असे हरले. दोन वर्षांनी, जानेवारी १९७१ मध्ये, सुपर बोलमध्येच युनायटसच्या बरगड्यांना मार बसला. मॉरल पुन्हा उतरला आणि या वेळी शेवटच्या पाच सेकंदांतल्या फील्ड गोलवर (लाथेने चेंडू खांबांमधून मारून मिळवलेल्या गुणांवर) कोल्ट्सनी डॅलसला १६-१३ असं हरवलं.

शूला तोवर मायामीला गेले होते. १९७२ मध्ये बाल्टिमोरने मॉरलला सोडलं आणि मायामी डॉल्फिन्सनी त्याला फक्त १०० डॉलरच्या हस्तांतरण शुल्कावर उचललं. हंगामाच्या पाचव्या सामन्यात मुख्य क्वार्टरबॅक बॉब ग्रीसीचा पाय मोडला. त्याच्या जागी आलेला मॉरल ३८ वर्षांचा होता. शूलांनी त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा केली नाही. लॅरी झोंका आणि मर्क्युरी मॉरिस यांच्या धावण्यावर भार टाकला. दोघांनी त्या हंगामात हजार-हजार यार्ड पूर्ण केले, एकाच संघातल्या दोघांनी असं करण्याची ती पहिलीच वेळ. पिट्सबर्गविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मध्यंतराला ७-७ अशी बरोबरी असताना शूलांनी बऱ्या झालेल्या ग्रीसीला उतरवलं, आणि सुपर बोलही ग्रीसीच खेळला. १७ सामने, १७ विजय. लीगच्या इतिहासात हंगामाच्या पहिल्या सामन्यापासून सुपर बोलपर्यंत एकही सामना न गमावणारा तो एकमेव संघ. त्यातल्या निम्म्याहून अधिक सामन्यांची सुरुवात मॉरलने केली होती. आज त्या संघाच्या आठवणीत त्याचं नाव ग्रीसीनंतर येतं, हे मला बरोबर वाटत नाही.

१९८० चा जिम प्लंकेट वेगळ्या घडणीचा. १९७१ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड, पण दोन संघांत मोडून निघालेला. ओकलंड रेडर्सच्या बाकावर तो दोन हंगाम जवळपास न खेळता बसला. १९८० च्या पाचव्या सामन्यात मुख्य क्वार्टरबॅक डॅन पास्टोरिनीचा पाय मोडला, प्लंकेट उतरला आणि त्या दिवशी त्याचे पाच पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. तरी संघाने त्याला काढलं नाही. उरलेल्या ११ सामन्यांपैकी ९ रेडर्सनी जिंकले आणि सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाला २७-१० असं हरवलं. तीन वर्षांनी त्याने आणखी एक सुपर बोल जिंकला, तोही हंगामाच्या मध्यात आपली जागा गमावून परत मिळवल्यावर.

डग विल्यम्सची गोष्ट केवळ खेळाची नाही. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकना त्या काळात सर्रास दुसऱ्या जागी खेळायला लावलं जाई. टॅम्पा बेशी पगारावरून वाद झाल्यावर विल्यम्स एनएफएलच सोडून गेला होता. प्रशिक्षक जो गिब्ज त्याला टॅम्पापासून ओळखत होते, त्यांनी १९८६ मध्ये वॉशिंग्टनला आणलं. त्या अख्ख्या हंगामात त्याने एकच पास टाकला. पुढच्या वर्षी मुख्य क्वार्टरबॅक जे श्रोडर अडखळल्यावर गिब्ज यांनी प्लेऑफसाठी विल्यम्सची निवड केली. ३१ जानेवारी १९८८ च्या सुपर बोलमध्ये डेन्व्हरविरुद्ध ०-१० असं मागे असताना त्याचा गुडघाही दुखावला. परतल्यावर दुसऱ्या क्वार्टरमध्ये वॉशिंग्टनने ३५ गुण केले, त्यात विल्यम्सचे चार टचडाऊन पास. सामना ४२-१० असा संपला. सुपर बोल जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

१९९० च्या हंगामात न्यूयॉर्क जायंट्सच्या जेफ हॉस्टेटलरने फिल सिम्सच्या जागी येऊन सुपर बोलमध्ये बफेलोला २०-१९ असं हरवलं. त्यातही चेंडू ४० मिनिटांहून अधिक वेळ आपल्याकडे ठेवण्याची योजना निर्णायक ठरली.

कर्ट वॉर्नर आणि टॉम ब्रेडी ही दोन नावं सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात. एकेकाळी आयोवातल्या किराणा दुकानात रात्रपाळीला माल लावणारा वॉर्नर १९९९ मध्ये ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेल्यावर रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक झाला आणि ४१ टचडाऊन पास टाकून विजेता झाला. दोन वर्षांनी त्याच वॉर्नरला सुपर बोलमध्ये २०-१७ असं हरवलं ते ड्राफ्टमध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडलेल्या ब्रेडीने. पेट्रियट्सचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो याच्या छातीतली रक्तवाहिनी एका धडकेत फाटली म्हणून त्याला संधी मिळाली होती. पण ब्लेडसो बरा झाल्यावरही प्रशिक्षक बेलिचिक यांनी ब्रेडीलाच ठेवलं, हा निर्णय धडकेपेक्षा मोठा होता. आणि पिट्सबर्गविरुद्ध ब्रेडीचा घोटा दुखावला तेव्हा ब्लेडसोनेच उतरून सामना जिंकून दिला, हे विसरता कामा नये.

२०१७ च्या फिलाडेल्फिया ईगल्सकडे पाहिलं की ही परंपरा प्रशिक्षकांच्या खोलीत पोचलेली दिसते. मुख्य प्रशिक्षक डग पीडरसन हे ग्रीन बेमध्ये ब्रेट फार्वचे राखीव होते. आक्रमणाचे प्रशिक्षक फ्रँक राइक बफेलोत जिम केलीचे राखीव, आणि जानेवारी १९९३ मध्ये ३-३५ अशा पिछाडीवरून ह्यूस्टनविरुद्ध ४१-३८ असा सामना त्यांनीच जिंकून दिला होता. डिसेंबरमध्ये कार्सन वेंट्झचा गुडघा गेला, निक फोल्स आला आणि सुरुवातीला चाचपडला. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात डॅलसविरुद्ध ईगल्सना एकही गुण करता आला नाही. पीडरसन-राइक यांनी फोल्सला रुचणाऱ्या, चेंडू चटकन हातावेगळा होणाऱ्या चाली वाढवल्या. मिनेसोटावर ३८-७, आणि ४ फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये ब्रेडीच्या पेट्रियट्सवर ४१-३३. त्या सामन्यात फोल्सने ३७३ यार्ड तर टाकलेच, शिवाय चौथ्या डाऊनवर, म्हणजे चारपैकी शेवटच्या प्रयत्नात, स्वतः पास झेलून टचडाऊन केलं. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस निवृत्तीचा विचार करत होता.

लीगच्या नियमांत मात्र राखीव क्वार्टरबॅकची जागा कधी आत, कधी बाहेर राहिली. सामन्याच्या यादीबाहेरचा तिसरा, आणीबाणीचा क्वार्टरबॅक ठेवण्याची सवलत १९९१ ते २०१० पर्यंत होती, मग ती गेली. जानेवारी २०२३ मध्ये ईगल्सविरुद्ध सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रॉक पर्डीचं कोपर आणि पाठोपाठ जॉश जॉन्सनचं डोकं दुखावलं. धड पास टाकता येईल असा कोणीच उरला नाही आणि सामना ७-३१ असा गेला. त्याच वर्षी मे महिन्यात संघमालकांनी तो नियम परत आणला.