एमपीए की एमपीपी? पाटी वाचून दुकानात शिरू नका

प्रिन्स्टन विद्यापीठात दोन वर्षांची एक पूर्णवेळ पदवी आहे. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, धोरणांचं विश्लेषण असा भरगच्च ऐवज तिच्यात असतो. तिचं नाव एमपीए, म्हणजे लोकप्रशासनातली पदव्युत्तर पदवी. त्याच इमारतीत एक वर्षाची दुसरी पदवी आहे, बरीच वर्षं नोकरी करून आलेल्यांसाठी. तिचं नाव एमपीपी, म्हणजे सार्वजनिक धोरणातली. आता हार्वर्डच्या केनेडी स्कूलकडे बघा. तिथे अर्थशास्त्र-संख्याशास्त्राची सक्तीची तालीम देणारी दोन वर्षांची पदवी आहे एमपीपी, आणि नोकरीत मुरलेल्यांसाठी एक वर्षाची आहे ती एमपीए. अक्षरं तीच, माल उलटा.

अर्जांचा हंगाम आला की ओळखीपाळखीतून मला फोन येतात. सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत तीन-चार वर्षं काढलेला मुलगा असतो. यूपीएससीला 'पब अ‍ॅड', म्हणजे लोकप्रशासन, घेतलेलं असतं, पूर्व परीक्षा एखाददा निघालेली असते, आणि आता 'पब्लिक पॉलिसी करावं' असं मनात असतं. 'एकच ना दोन्ही?' हा त्याचा पहिला प्रश्न. एकच नव्हे. पण वेगळं नेमकं काय ते माहितीपत्रकावरून कळत नाही, म्हणून हे लिहितोय.

उदाहरण आपल्या घरचंच घेऊ, रोजगार हमीचं. वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली ही कल्पना १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. केंद्राचा कायदा आला २००५ मध्ये. म्हणजे आपण पाव शतकाहून अधिक आधी तिथे होतो.

या योजनेकडे धोरणाचा विद्यार्थी कसा बघेल? त्याचा पहिला प्रश्न, गरजू कोण हे ठरवायचं कसं? दाखला मागितला की दाखले विकले जातात. मग अंगमेहनतीचं काम आणि बेताची मजुरी ठेवा. भर उन्हात खडी फोडायला किंवा मातीची पाटी उचलायला सधन घरातलं कोणी येत नाही, त्यामुळे छाननी आपोआप होते. दुसरा प्रश्न पैशाचा. गावच्या मजुरीसाठी शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला, आणि सरकारने त्यात तेवढीच भर घातली. आजही पगारपत्रकात दरमहा कापल्या जाणाऱ्या त्या दोनशे रुपयांचं मूळ तिथे आहे, हे किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. तिसरा प्रश्न, याच पैशात धान्य वाटलं असतं तर? सिंचनावर खर्च केला असता तर? पर्याय मांडायचे, प्रत्येकाची किंमत काढायची, कोणाचा फायदा आणि कोणाचा तोटा ते दाखवायचं. एमपीपीचा गाभा हा.

लोकप्रशासनाचा विद्यार्थी त्याच योजनेत वेगळ्या दाराने शिरतो. पन्नास मजुरांनी तहसील कार्यालयात येऊन काम मागितलं. तालुक्यात मंजूर कामांची यादी तयार आहे का? पाझर तलावाच्या कामाला तांत्रिक मान्यता कोणाची? मजूर महसूल खात्याकडे काम मागतात, पण काम काढणार पाटबंधारे, कृषी नाहीतर बांधकाम खातं. त्या अभियंत्याने तहसीलदाराचं का ऐकावं? त्याची बढती तर दुसऱ्याच साहेबाच्या हातात आहे. मस्टर, म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक, कोण भरतो, मोजमाप कोण घेतो, खोटी नावं कुठे घुसतात, मजुरी दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी मिळाली तर कागद नेमका कोणत्या टेबलावर अडला? अधिकार, जबाबदारी, माणसं, नियम, अंदाजपत्रक, हिशेब: एमपीएचा गाभा हा.

इथवर फरक स्वच्छ वाटतो. १९८८ मध्ये काय झालं ते पाहिलं की गढूळ होतो. त्या वर्षी राज्यातलं किमान वेतन एकदम वाढलं आणि त्याबरोबर हमीवरची मजुरीही वाढली. साधं अर्थशास्त्र सांगेल की मजुरी वाढली म्हणजे काम मागणारेही वाढणार. प्रत्यक्षात हमीच्या कामांवरचा रोजगार पुढे घटला. का घटला यावर अर्थतज्ज्ञांमध्ये वाद झाले. एका मतानुसार पैसा तेवढाच आणि मजुरी जास्त, म्हणून यंत्रणेने गुपचूप हात आखडता घेतला, नवी कामं उघडलीच नाहीत. कायद्यात हमी शाबूत राहिली, तालुक्यात मात्र रेशनिंग सुरू झालं. आता सांगा, हा निर्णय धोरणाचा की प्रशासनाचा? मुंबईत कोणी असा ठराव केला नव्हता. काम न उघडण्याचा छोटासा निर्णय ठिकठिकाणी झाला आणि त्या सगळ्यांची बेरीज हेच राज्याचं धोरण होऊन बसलं. मला विचाराल तर दोन्ही विषयांच्या वर्गात पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगायला हवी.

मग एकाच वस्तूच्या दोन पदव्या झाल्याच कशा? वुड्रो विल्सन पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, त्याआधी तो प्राध्यापक होता. १८८७ मध्ये त्याने एका निबंधात म्हटलं की राजकारण वेगळं आणि प्रशासन वेगळं, प्रशासनाचा स्वतंत्र अभ्यास व्हावा. वशिल्याच्या नेमणुकांनी गांजलेल्या अमेरिकेला ते पटलं. १९२४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठात मॅक्सवेल स्कूल सुरू झालं आणि या विषयाला भक्कम घर मिळालं. धोरणाचा विषय बराच उशिरा आला, आणि तो आला अर्थतज्ज्ञांच्या खांद्यावर बसून. संरक्षणमंत्री मॅक्नामारांच्या पेंटागॉनमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यात, आकडेमोडीने निर्णय घेण्याची पद्धत रुजली होती. १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी ती बाकीच्या खात्यांना लावली आणि विश्लेषक कमी पडू लागले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस हार्वर्ड, बर्कली यांनी नव्या पदव्या काढल्या त्या या मागणीतून. जुन्या मंडळींना हे उपरे वाटले, नव्यांना जुने कारकुनी वाटले. दोन्ही बाजूंचा तो सूर अजून पुरता गेलेला नाही.

भारतात लोकप्रशासन आधी आलं, आणि त्याचा मान नागपूरचा. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांतच नागपूर विद्यापीठाने लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्य या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला. देशातला हा पहिला पूर्ण विभाग मानला जातो. मग फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने पॉल अ‍ॅपल्बी दिल्लीत आले. हे गृहस्थ रूझवेल्टच्या काळात अमेरिकेच्या शेती खात्यात मोठ्या पदावर होते आणि नंतर मॅक्सवेल स्कूलचे डीन झाले. भारताच्या कारभारावरचा त्यांचा अहवाल १९५३चा. त्यातल्या शिफारशीवरून मार्च १९५४ मध्ये दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था उभी राहिली, पंडित नेहरू तिचे पहिले अध्यक्ष.

गंमत अशी की भारतात येण्याआधीच अ‍ॅपल्बींनी विल्सनच्या विरुद्ध बाजू घेतली होती. अधिकारी रोज धोरण घडवतच असतो, धोरण आणि प्रशासन यांच्यातली भिंत कागदी आहे, हे त्यांचं म्हणणं. शेती खात्यातला अनुभव बोलत होता. पण आपल्या पाठ्यपुस्तकांत विल्सनची भिंत आली आणि ठाण मांडून बसली. परीक्षेत तिच्यावर वीस गुणांचा प्रश्न विचारता येतो ना!

सार्वजनिक धोरणाने भारतात पाऊल टाकलं ते खूप नंतर. बंगळूरच्या आयआयएमने २००२च्या सुमारास नोकरीतल्या अधिकाऱ्यांसाठी सार्वजनिक धोरण आणि व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम काढला, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने. परदेशातली जोडीदार संस्था कोणती? सिरॅक्यूजचं मॅक्सवेल स्कूल. पन्नास वर्षांच्या अंतराने दोन्ही विषय आपल्याकडे आले ते एकाच गावाहून.

देशादेशांमधली देवाणघेवाणही दोन्ही विषयांत वेगवेगळी चालते, आणि हा भाग माहितीपत्रकांत कधीच नसतो. प्रशासनात माणसं प्रवास करतात. भारत सरकारची आयटेक योजना १९६४ पासून आहे. आशिया-आफ्रिकेतल्या देशांचे अधिकारी तिच्यातून इथे येतात, विमानभाडं, फी, राहणं-जेवण आपल्या खर्चाने. बांगलादेश, मालदीवच्या सनदी अधिकाऱ्यांच्या तुकड्याही मसुरीत प्रशिक्षणाला येऊन गेल्या. ते इथलं बघतात, आपलं सांगतात, परत जातात. पदवी वगैरे भानगड नाही. धोरणात मात्र अभ्यासक्रमच प्रवास करतो. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाने १९९२ मध्ये हार्वर्डच्या सहकार्याने धोरणाचा अभ्यासक्रम उभारला आणि त्यातूनच २००४ मध्ये ली कुआन यू स्कूल झालं. आज तिथे शिकणाऱ्याला बोस्टनशेजारच्या हार्वर्डच्या वर्गात नेऊन बसवलं तर फारसं बिचकायला होणार नाही.

याचं कारण सोपं आहे. एखाद्या योजनेचा परिणाम मोजण्याचं संख्याशास्त्र बोस्टनला जे असतं तेच बीडला असतं. सातबारा, फेरफार, तलाठ्याचं दप्तर, जिल्हा परिषद आणि जिल्हाधिकारी यांच्यातली ओढाताण या गोष्टी बोस्टनला शिकवता येत नाहीत. म्हणून धोरणाची पदवी जगभर सारखी दिसते, बाजारात चांगली चालते आणि महागही असते. प्रशासनाचं ज्ञान मातीला चिकटलेलं. माझा कल विचाराल तर, ज्याला पुढे इथेच काम करायचं आहे त्याने धोरणाची पदवी घेऊन परतल्यावर एक वर्ष तरी एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी काढावं. नाहीतर सादरीकरण सुरेख होतं आणि मस्टर काय असतं ते विचारावं लागतं. मुख्यमंत्री फेलोशिपची रचना मला त्यासाठी बरी वाटते: काम सरकारी कार्यालयात, आणि त्याला जोड आयआयटी मुंबईच्या सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासक्रमाची.

दोन्ही अंगं एकाच माणसाने अभ्यासल्याचं उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेल्या आंबेडकरांनी १९१५ मध्ये एमएसाठी लिहिलं ते ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनावर आणि वित्तव्यवस्थेवर. पुढे लंडनचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर, म्हणजे चलनाचं धोरण काय असावं यावर. एकीकडे कारभार चालतो कसा, दुसरीकडे निर्णय कोणता घ्यावा. तेव्हा एमपीएही नव्हतं आणि एमपीपीही.

आता अर्ज भरणाऱ्याने बघायचं काय? पदवीचं नाव शेवटी वाचा. आधी सक्तीच्या विषयांची यादी काढा. सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्राचे दोन पेपर आणि शेवटी एखाद्या खात्यासाठी केलेला विश्लेषणाचा प्रकल्प असेल, तर वर काहीही लिहिलेलं असो, ते धोरण आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची एमपीए या अर्थाने धोरणाचीच. संघटना, मनुष्यबळ, अंदाजपत्रक, प्रशासकीय कायदा, नेतृत्व असे विषय दिसले तर ते प्रशासन. मग तुकडी बघा. शेजारच्या बाकावर बसणाऱ्यांचा सरासरी अनुभव दोन वर्षांचा आहे की बारा? एक वर्षाच्या बहुतेक पदव्या मुरलेल्यांसाठी असतात, तिथे निम्मं शिक्षण सहाध्यायांकडून होतं, आणि नुकत्याच पदवीधर झालेल्याला त्यात प्रवेश मिळत नाही. या शाळांना मानांकन देणाऱ्या नास्पा या अमेरिकी संस्थेनेच आपल्या नावात धोरण, सार्वजनिक व्यवहार आणि प्रशासन असे तिन्ही शब्द घालून ठेवलेत. तिने हात टेकले म्हणायचे.

यूपीएससीचा वैकल्पिक विषय ही तर तिसरीच गोष्ट. १९८७ पासून तो परीक्षेत आहे, कोणत्याही शाखेचा पदवीधर घेऊ शकतो आणि सार्वजनिक धोरण हा त्याच्या पहिल्या पेपरातला एक घटक आहे. 'पब अ‍ॅड झालंय' म्हणजे बहुतेकदा हे दोन पेपर झालेत एवढंच. परदेशी विद्यापीठाला त्यातून काही कळत नाही. पदवीत गणित किंवा अर्थशास्त्र किती होतं ते मात्र कळतं आणि ते त्याकडे नीट बघतात.

फोन ठेवता ठेवता हमखास येणारा प्रश्न यशदाचा. पुण्यातली ही संस्था १९६३ मध्ये मुंबईत प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालय म्हणून सुरू झाली आणि १९८४ मध्ये पुण्याला आली. तिचं मूळ काम राज्याच्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण, म्हणजे नोकरी आधी, यशदा नंतर. नोकरीआधीच तिथे दिसणारी मुलं असतात ती तिथल्या स्पर्धा परीक्षा केंद्राची, यूपीएससीची तयारी करणारी, आणि त्या केंद्रासाठी प्रवेश परीक्षा वेगळी द्यावी लागते.